समुद्राचे यंत्र नको, नाल्याची नोंदवही हवी

मा. संपादक,



विज्ञान प्रदर्शनांचा हंगाम आला की वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर विद्यार्थ्यांच्या गटांनी केलेल्या प्रकल्पांची छायाचित्रे दिसू लागतात. त्यांत समुद्रातले प्लॅस्टिक गोळा करणारे यंत्र हमखास असते. काचेच्या पेटीत निळे पाणी, त्यावर मोटारीवर चालणारी बोट आणि बोटीमागे जाळी. मुलांनी जीव ओतून केलेले काम पाहून आनंद होतो. तरीही मोलगीत राहणारा एक वाचक म्हणून मला ठामपणे सांगायचे आहे की, सातपुड्यातल्या मुलांपुढे आपण चुकीचा प्रश्न ठेवतो आहोत.

समुद्राचे स्वप्न पाहू नये, असे मी म्हणत नाही. नेदरलँड्सच्या बोयान स्लाटने शाळेतल्या प्रकल्पापासून सुरुवात करून २०१३ मध्ये ‘द ओशन क्लीनअप’ ही संस्था उभी केली. पण भर समुद्रात जाळी टाकणाऱ्या या संस्थेलाही २०१९ पासून नद्यांमध्ये कचरा अडवणारी यंत्रे बसवावी लागली. नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लॅस्टिकपैकी सुमारे ८० टक्के प्लॅस्टिक हजाराहून अधिक नद्या वाहून नेतात, असा अंदाज तिच्याच संशोधकांनी २०२१ मध्ये मांडला. त्याआधी बोट जगातल्या मोजक्या महानद्यांकडे दाखवले जायचे. या अभ्यासाने लहान नद्यांचा वाटा पुढे आणला आणि आपल्या उल्हास नदीचे नाव त्यात अगदी वरच्या रांगेत आले. म्हणजे ज्यांनी समुद्रापासून सुरुवात केली, तेही शेवटी नदीपाशी आले. आमची मुले तर नदीच्याही वर, डोंगरातल्या नाल्याकाठी राहतात.

मोलगीच्या परिसरातले पाणी उत्तरेला नर्मदेकडे उतरते. आठवडे बाजार उठला की पन्न्या, कुरकुऱ्यांची पाकिटे, शाम्पूच्या पुड्या आणि बंदी असूनही मिळणाऱ्या गुटख्याचे पाऊच उताराने नाल्यात जातात. उन्हाळाभर ते उन्हात तडकतात आणि जूनच्या पहिल्या लोंढ्यात सगळे एकदम निघून जाते. भरूचजवळ नर्मदा खंभातच्या आखाताला मिळते खरी, पण आमचा कचरा समुद्र गाठण्याआधी सरदार सरोवराच्या फुगवट्यात शिरतो. या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ गावे गेली. ज्यांची शेते बुडाली, त्यातले अनेकजण आज त्याच पाण्यात मासेमारी करून पोट भरतात. आमचा समुद्र तिथेच सुरू होतो. त्यात काय उतरते आहे, हे कोणीही मोजत नाही.

मोजायचे तर वेळ साधावी लागेल. तालुका प्रदर्शने बहुधा डिसेंबर-जानेवारीत होतात आणि प्रकल्पाची तयारी त्याआधी महिना-दोन महिने. तोवर नाला वाहून धुऊन निघालेला असतो. शाळा आणि आश्रमशाळा जूनच्या मध्याला उघडतात, पहिला लोंढाही त्याच सुमारास येतो. प्रकल्प तेव्हाच सुरू झाला पाहिजे. पाच-सहा मुलामुलींच्या गटाने नाल्याचा शंभर मीटरचा एक पट्टा आखून घ्यावा. बाजाराच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, लोंढ्याच्या आधी आणि नंतर तिथली पाकिटे मोजावीत. पाणी चढलेले असताना मात्र कोणीही नाल्यात उतरू नये. मग दोन ढीग करावेत: भंगारवाला घेतो तो एक आणि कोणीच घेत नाही तो दुसरा. दुसऱ्या ढिगातल्या प्रत्येक पाकिटावरच्या कंपनीचे नाव लिहून काढावे. हिमालयातल्या राज्यांत २०१८ पासून शाळा आणि स्वयंसेवी गट हेच करत आले आहेत. तिथे सापडलेल्या कचऱ्यात मोठा वाटा खाऊच्या वेष्टनांचाच निघाला.

कंपनीच्या नावाचा हा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. खाऊच्या पाकिटात प्लॅस्टिकचे पापुद्रे आणि ॲल्युमिनियमचा थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते वेगळे करणे परवडत नाही, म्हणून भंगारात त्याला भाव नाही. राज्याने २३ मार्च २०१८ रोजी केलेली बंदी पिशव्या आणि थर्माकोलवर आली, केंद्राने १ जुलै २०२२ पासून कप, ताटे, चमचे बंद केले. पाकीट दोन्हीतून सुटले. केंद्राच्या नियमांनी उत्पादकांवर वेष्टनांची जबाबदारी टाकली आहे, पण ती प्रमाणपत्रे विकत घेऊनही पुरी होते. देशात कुठेतरी तेवढ्या वजनाच्या कचऱ्यावर प्रक्रिया झाली की कागदावर हिशेब जुळतो, मोलगीच्या नाल्यातले पाकीट उचलले जावे अशी अट नाही. मुलांच्या हाती झाडू देऊन स्वच्छता मोहिमेचा फोटो काढणे मला म्हणूनच अन्यायाचे वाटते. कचरा विकून नफा कमावणारे वेगळे आणि वाकून तो उचलणारी आमची लेकरे, हे शिक्षण नव्हे.

काहीजण म्हणतील, ज्या भागात कुपोषणाचा प्रश्न अजून सुटलेला नाही तिथे पाकिटे कसली मोजता? मी म्हणतो, हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. ज्या डोंगरात भगर पिकते आणि आमचूर बनतो, तिथल्या लहान पोराच्या हातात मजुरीतले पाच-दहा रुपये मोडून पाकीट दिले जाते. त्याने पोट भरत नाही, आणि रिकामे पाकीट चुलीत गेले तर धूर घरातच कोंडतो. पळसाच्या पानांची पत्रावळ आणि बांबूची टोपली इथे आजही हाताने बनते. मुलांची नोंदवही हेही दाखवील की कोणत्या वस्तूला पर्याय घरात आहे आणि कोणत्या वस्तूला नाही. तेल, शाम्पू सुटे मिळू शकते का, हा प्रश्नही त्या नोंदींतून दुकानदारापुढे ठेवता येईल.

नोंदी ऐकायला जागाही तयार आहे. अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पेसा कायदा १९९६चा, राज्याचे नियम २०१४चे. गावाच्या निर्णयांत ग्रामसभेचा शब्द त्यांनीच मोठा केला. दरवर्षी ऑगस्टच्या ग्रामसभेत मुलांच्या गटाने आपली नोंदवही स्वतः वाचून दाखवावी आणि ती इतिवृत्तात घ्यावी. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्याला प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन केंद्रासाठी १६ लाख रुपयांपर्यंतची तरतूद आहे. आमच्या अक्कलकुवा तालुक्यासाठी त्या तरतुदीचा विचार करताना घाटावरच्या मोलगीचा कचरा खाली कोण आणि कशाने नेणार, हे आधी ठरवावे. पेसाच्या पाच टक्के अबंध निधीतून बाजाराजवळ एक शेड आणि एक वजनकाटा सहज होईल.

शिक्षण विभागाला माझी विनंती आहे की, प्रदर्शनाच्या गुणांकनात यंत्राच्या देखणेपणापेक्षा पावसाळाभर ठेवलेल्या नोंदींना अधिक गुण द्यावेत. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून मुलांना आपल्याच परिसराचा प्रश्न घेऊन गटाने अभ्यास करायला सांगते आहे. सातपुड्यातल्या शाळांनी त्यासाठी याच नोंदी पाठवाव्यात.

आपल्यालाही एक विनंती. अशा नोंदी आपल्याकडे आल्या, तर त्या कंपन्यांच्या नावांसकट छापाव्यात.

आपला,
एक वाचक
मोलगी, ता. अक्कलकुवा, जि. नंदुरबार