स्पॅनिश शिकतांना मराठीचा आधार

मुलास परकी भाषा उत्तम यावयाची तर मायबोली बाजूस सारावी, अशी समजूत जुन्नर-आंबेगांवच्या कांहीं पालकांत आढळते. आमचें मत याच्या उलट आहे. स्पॅनिशमधील अपूर्ण वर्तमानकाळाच्या उदाहरणानें तें येथें मांडतों.

'मी बोलत आहें' यास स्पॅनिशमध्यें 'एस्तोय आब्लान्दो' म्हणतात. 'आब्लान्दो' हें रूप आपल्या 'बोलत'प्रमाणेंच लिंगवचनानें बदलत नाहीं. बदलतें तें केवळ सहायक क्रियापद. इतकें इंग्रजीवरूनही समजेल. खरी अडचण हा काळ कोठें योजूं नये, ही आहे.

'शेतकरी बसला आहे' येथें इंग्रजी अपूर्ण काळ योजते. स्पॅनिश मनुष्य मात्र 'एस्ता सेन्तादो', म्हणजे 'बसलेला आहे', असेंच म्हणतो. 'मी उद्यां मंचरला जातों' यासही तेथें साधा वर्तमानकाळ पुरतो: 'मान्याना बोय आ मंचर'. इंग्रजीप्रमाणें येथें अपूर्ण काळ घातला तर तें वाक्य चुकतें. समोरच्याला आपण 'काय करतोस?' असें सहज विचारतों. तेही 'के आसेस?' असें साध्या काळांत विचारतात. तिन्ही ठिकाणीं मराठी कान अचूक वाट दाखवितो व इंग्रजी धडा फसवितो.

नारायणगांवच्या बाजारांतील टोमॅटोचें नांव मेक्सिकोंतील नाहुआत्ल भाषेंतून स्पॅनिशमध्यें व तेथून इंग्रजीमार्गें आपल्याकडे आलें. परंतु शब्द ज्या वाटेनें आला, त्याच वाटेनें वाक्यरचनाही आणावी, असें मुळींच नाहीं.

मराठी सर्वत्र पुरेल, असेंही आम्ही म्हणत नाहीं. आपल्या 'असणें' या क्रियापदास स्पॅनिशमध्यें 'सेर' व 'एस्तार' अशीं दोन क्रियापदें आहेत, आणि अपूर्ण काळास केवळ 'एस्तार' चालतें. हा भेद पाठच केला पाहिजे. पण भेद ओळखावयासही आपलें व्याकरण अगोदर ठाऊक हवें. दादोबा पांडुरंगांनीं १८३६ सालीं मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें. त्या शास्त्राच्या तासास आजचा विद्यार्थी कंटाळला, तर परकी भाषा तो कोणत्या मापानें मोजणार?

म्हणून पालकांस आमची विनंति आहे. मूल नवें वाक्य शिकून आलें कीं, "हें आपण कसें म्हणतों?" एवढें त्यास विचारावें. घोडेगांवची जी माउली स्पॅनिशचें एक अक्षरही जाणत नाहीं, तिलाही हा प्रश्न विचारतां येईल. आणि त्याचें उत्तर शोधतांना मूल दोन्ही भाषा शिकेल.