गोड पदार्थाला बॉम्बचे नाव?

गेल्या मार्च महिन्यात, संत पॅट्रिकच्या सणाच्या आदल्या दिवशी, आमच्या धर्मग्रामातील एका तरुणीने कपकेकचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला. घरी केक करून विकण्याचा तिचा छोटासा व्यवसाय आहे. केक रुचकर होते. मात्र डब्यावरील चिठ्ठीवर नाव होते, ‘आयरिश कार बॉम्ब’. ते वाचले आणि हातातला घास हातातच राहिला.

प्रथम एक खुलासा करतो. माझा आक्षेप मद्याला नाही. नाताळच्या केकसाठी मनुका-बेदाणे रममध्ये भिजत घालणाऱ्या समाजातच मी वाढलो. मुलांच्या हाती हे केक देताना तारतम्य बाळगावे, एवढेच. या केकची कृतीही विचारपूर्वक बेतलेली आहे. गिनेस या काळ्या आयरिश बिअरमध्ये लोणी व कोको मंद आचेवर एकजीव करतात. बिअरच्या कडवटपणाने चॉकलेटची चव अधिक गडद होते. भाजलेल्या केकचा गाभा कोरून त्यात व्हिस्की घातलेले दाट चॉकलेट भरतात आणि वर बेलीज या मलईयुक्त आयरिश मद्याचा स्वाद दिलेले लोणी-साखरेचे आवरण चढवतात. यात निंद्य काही नाही. निंद्य आहे ते नाव.

हे नाव आयर्लंडचे नव्हेच. बिअरच्या पेल्यात बेलीज व व्हिस्कीचा लहान पेला सोडून ते घटाघट पिण्याची रीत १९७९ साली अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील एका मद्यालयात निघाली, असे सांगतात. त्या पेयाचे नाव पुढे या केकला चिकटले. आणि त्या काळी आयर्लंडमध्ये काय चालले होते? ज्या १९७४ साली बेलीज बाजारात आले, त्याच वर्षी १७ मे रोजी डब्लिन व मोनाहन येथे मोटारींत ठेवलेल्या बॉम्बनी ३३ माणसांचे बळी घेतले. १५ ऑगस्ट १९९८ रोजी, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, ओमा गावच्या बाजारपेठेत मोटारीतील बॉम्बने २९ जण ठार झाले. त्यांत एक गर्भवती माता होती. तिच्या उदरात जुळी बाळे होती. ‘कार बॉम्ब’ या शब्दाचा अर्थ हा आहे.

कुणी म्हणेल, “फादर, नावात काय आहे? गंमत आहे ती!” मग मी विचारतो, १२ मार्च १९९३ आपण विसरलो काय? त्या दुपारी मुंबईत एकामागून एक स्फोट झाले, २५७ माणसे गेली. त्यांतील अनेक बॉम्ब मोटारींत व स्कूटरींत ठेवलेले होते. उद्या डब्लिनच्या एखाद्या दुकानदाराने त्या दिवसाचे नाव आपल्या मिठाईला दिले, तर ती गंमत आपल्याला रुचेल? आपले दुःख ते दुःख आणि दुसऱ्याचे दुःख ती चव, हा कोणता न्याय?

दुसरे कुणी म्हणतील, “आयर्लंडचा लढा हा आपल्या कॅथलिक बांधवांचाच लढा होता.” अन्याय झाला होता, हे खरे. पण ३१ जुलै १९७२ रोजी क्लॉडी या खेड्यात तीन मोटारींतील बॉम्बनी ९ जण मारले. त्यांत कॅथलिक होते, प्रॉटेस्टंट होते, एक लहान मुलगी होती. पोलिसांचा संशय एका कॅथलिक धर्मगुरूवर होता. त्याची चौकशी झाली नाही. सरकार व चर्चचे अधिकारी यांच्या बोलण्यातून त्याला सीमेपलीकडे धाडण्यात आले, हे पोलीस लोकपालांच्या अहवालाने २०१० साली उघड केले. माझ्याच झग्याच्या माणसाविषयी हे लिहिताना लाज वाटते. म्हणूनच हे नाव हसण्यावारी नेणे मला जमत नाही.

त्या मुलीला मी हे सारे सांगितले. ती खजील झाली. “फादर, कृतीबरोबर नाव आले, तेच लिहिले. अर्थ मनातच आला नाही.” तिला मी दोष देत नाही. परक्या घरची पाककृती आपण निवडून-पाखडून घेतो. नाव मात्र न पाखडता मुलांच्या तोंडी देतो. मातांनो, हे आपण सर्वांनीच पाहायला हवे.

“मग काय नाव लिहू?” तिने विचारले. मी म्हटले, “काळ्या बिअरचा चॉकलेट केक.” तिने तिथेच चिठ्ठी बदलली. कृतीत चमचाभरही फरक केलेला नाही. येत्या मार्चसाठी माझा एक डबा मी सांगून ठेवला आहे.