चढावर थांबणारा वायपर

आमच्या एका वाचकभगिनींचे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेंत ओहायो संस्थानांत असतात. त्यांनीं हौसेनें १९५६ सालची फोर्ड थंडरबर्ड ही दोन आसनांची मोटार विकत घेतली आहे. गाडी उत्तम चालते. परंतु पावसांत चढ लागला, किंवा पुढील मालमोटारीस मागें टाकण्यासाठीं ॲक्सिलरेटर दाबला, कीं समोरच्या कांचेवरील वायपर जागच्या जागीं थबकतात. चिरंजीवांनीं हें मातुःश्रींस विनोदानें कळविलें. मातुःश्रींस त्यांत विनोद दिसला नाहीं, आणि आम्हांसहि दिसत नाहीं. मालमोटारीच्या चाकांचें पाणी कांचेवर उडत असतां नेमकें दिसेनासें व्हावें, याहून वाईट क्षण तो कोणता?

हल्लींच्या गाडींत वायपर विजेवर चालतो. जुन्या अमेरिकन गाड्यांत तो पुष्कळदां इंजिनाच्या शोषणावर चाले. क्लीव्हलंडच्या फोल्बर्थ बंधूंनीं ही युक्ति काढली व १९२२ सालीं तिचें पेटंट मिळविलें. पुढें बफेलोच्या ट्रायको कंपनीनें तो धंदा आपल्याकडे घेतला. मुंबईस शिवडी येथें १९२८ पासून जनरल मोटर्सच्या गाड्या जुळवूं लागले, त्या सुमाराच्या अमेरिकन मोटारींबरोबर हीच तऱ्हा आपल्याकडेहि आली. तेव्हां आमच्या वडीलधाऱ्या वाचकांपैकीं कोणी लहानपणीं अशा गाडींतून पावसाळ्यांत घाट चढला असेल, तर त्यास ही तक्रार नवी वाटणार नाहीं.

यंत्राची रचना सोपी आहे. इंजिनाचे दट्टे खालीं येतांना हवा ओढतात, पण कार्ब्युरेटरची झडप मिटलेली असल्यामुळें मॅनिफोल्डमध्यें हवा विरळ होते. हें शोषण पाऱ्याच्या इंचांनीं मोजतात. निरोगी इंजिन संथ चालत असतां समुद्रसपाटीला तें १७ ते २१ इंच भरतें. उंचीवर दर हजार फुटांस सुमारें एक इंच कमी धरावें. तेथून एक बारीक नळी वायपरच्या पेटीकडे जाते. पेटींत एक पातें असतें, त्याच्या कडा चामड्याच्या वा रबराच्या. एका बाजूस शोषण व दुसऱ्या बाजूस बाहेरची हवा, म्हणून पातें एकीकडे झुकतें. टोंकाला पोंचलें कीं लहानशी झडप उलटते आणि तें परत फिरतें. वीज नाहीं, तारा नाहींत. मात्र ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला कीं कार्ब्युरेटरची झडप उघडते, शोषण जवळजवळ शून्यावर येतें, आणि वायपर थबकतो. उलट उतारावर पाय उचलला कीं तो पिसाटासारखा धांवतो. एवढा भाग या यंत्राचा स्वभाव आहे, रोग नव्हे.

परंतु कारखानदारांस हा स्वभाव ठाऊक होता. म्हणून त्यांनीं पेट्रोलच्या पंपास दुसरा एक कप्पा जोडला. त्यांतील पडदा इंजिनाबरोबर हालतो व चढावर मॅनिफोल्ड दमलें कीं वायपरसाठीं स्वतः शोषण पुरवितो. यास बूस्टर म्हणतात, आणि थंडरबर्डला तो होता. तो धड असेल तर चढावर वायपर मंदावेल, पण अगदींच थांबणार नाहीं. चिरंजीवांचा वायपर थांबतो, त्या अर्थीं आमची पहिली शंका या पंपावर आहे. जुना पंप बिघडल्यावर पूर्वींच्या मालकांनीं स्वस्तांतला, एकाच कप्प्याचा पंप बसविल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. पेट्रोल नीट येतें, गाडी पळते, आणि पहिला पाऊस पडेपर्यंत कोणास कांहीं कळत नाहीं! तेव्हां प्रथम बॉनेट उघडून पंपाला पेट्रोलच्या नळ्यांखेरीज हवेच्या नळ्या आहेत कीं नाहींत, एवढेंच पाहावें.

असल्यास आणखी एक लक्षण पाहावें. गाडी निळसर धूर सोडते काय? तेल उगाच कमी होतें काय? बूस्टरचा पडदा फाटला तर इंजिनांतील तेलाची वाफ त्या वाटेनें मॅनिफोल्डमध्यें ओढली जाते व जळते. मेकॅनिक धूर पाहून पिस्टनच्या रिंगा झिजल्या म्हणतो आणि सबंध इंजिन उघडावयास निघतो. त्याआधीं बूस्टरची नळी सोडून मॅनिफोल्डचें तोंड बुचानें घट्ट बंद करावें व कांहीं दिवस गाडी चालवून पाहावी. वायपर मात्र मग बंद राहील, म्हणून कोरड्या दिवसांतच. धूर थांबला तर दुखणें फक्त पडद्याचें. नवे पडदे घालून असे पंप दुरुस्त करून देणारे लोक अमेरिकेंत आजहि आहेत.

पंप निर्दोष निघाला तर नळ्यांकडे वळावें. पेटीपाशीं नळी सोडून, इंजिन संथ चालू ठेवून तोंडावर अंगठा धरावा. मापक असल्यास तें लावावें. मॅनिफोल्डपाशीं आंकडा चांगला पण येथें कमी, तर नळी चिरली आहे किंवा आंतून चपटी होते. साठ वर्षांपूर्वींच्या रबराची दया करूं नये, सर्व नळ्या बदलाव्या. मॅनिफोल्डपाशींच कमी असेल तर इग्निशनचा टायमिंग मागें पडला आहे किंवा कोठें तरी हवा शिरते, आणि मग दोष वायपरचा नव्हेच.

त्यानंतर पेटीपासून दांडे सोडवून वायपरचे हात हातानें फिरवावे. जड जात असतील तर सांधे गंजले आहेत. पेटी सर्वांत शेवटीं. आमचे हौशी लोक सुरुवात तेथूनच करितात, आणि मग टेबलावर झडपा व स्प्रिंगा मांडून बसतात. कडांचें चामडें सुकलें असेल तर इंजिनाचें तेल घालूं नये. त्यानें जुनें रबर फुगतें. एरंडेलाचे चार थेंब चालतात, कारण तें नैसर्गिक रबरास बाधत नाहीं. परीक्षा नेहमीं ओल्या कांचेवर घ्यावी. कोरड्या कांचेवर निरोगी वायपरहि अडतो.

विजेचा वायपर बसवावा काय, असेंहि विचारलें आहे. जुन्या वस्तु जशाच्या तशा राखाव्या हें आम्हांस मान्य आहे. तथापि जो मनुष्य रोज, पावसांत, मुलेंबाळें घेऊन हीच गाडी चालवितो त्यानें तो खुशाल बसवावा. १९५६ च्या थंडरबर्डला १२ व्होल्टची बॅटरी असल्यानें अडचण येत नाहीं. अमेरिकन सरकारच्या १९६८ पासूनच्या नियमांत इंजिनावर भार कितीहि असला तरी वायपरनें एका गतीवर मिनिटास निदान ४५ फेऱ्या केल्या पाहिजेत, अशी अट आहे; ती उगाच घातलेली नाहीं. काढलेली पेटी मात्र कापडांत गुंडाळून जपून ठेवावी. आणि दुरुस्ती होईपर्यंत पावसांत कोणास मागें टाकूं नये. चढावर कांच धूसर झाली तर मागील गाडीचा अंदाज घेऊन ॲक्सिलरेटरवरील पाय क्षणभर सैल करावा, म्हणजे वायपर दोनतीन फेऱ्या मारून घेतो.