नुसत्या कॅल्शियमने हाड घडत नाही

हाडे मजबूत करायची म्हणजे कॅल्शियमची गोळी घ्यायची, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. ते अपुरे आहे. का, ते मासळीबाजारातल्या शिनाण्यांकडे पाहून कळते.

शिनाण्यांच्या शिंपल्याची आतली बाजू मोत्यासारखी चमकते. हा थर सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. चुनखडीत आणि कॅल्शियमच्या अनेक गोळ्यांत असतो तोच हा पदार्थ. पण चुनखडीचा खडा ठोकला की फुटतो, शिंपला मात्र दाद देत नाही. फरक रचनेत आहे. जेमतेम अर्धा मायक्रोमीटर जाडीच्या खनिजाच्या चकत्या विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये प्रथिनांचा लवचिक थर असतो. तडा गेलाच, तर चकत्या किंचित सरकतात, तडा वळणे घेत जातो आणि त्याचा जोर ओसरतो. कठीणपणा खनिजाचा, चिवटपणा त्या पाच टक्क्यांचा.

आपल्या हाडांचेही तसेच आहे. त्यांतले खनिज वेगळे, कॅल्शियम फॉस्फेटचे. पण ते कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यांवर बसवलेले असते. शिवाय हाड जिवंत असते. त्यावर भार पडला तरच शरीर त्याची नीट डागडुजी करते.

आता लोअर परळ पाहा. गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. त्यांत हजारो माणसे दिवसभर बसून काम करतात. काचेतून ऊन आत येते, पण त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच जवळजवळ सगळे अडवते. हे जीवनसत्त्व कमी पडले, तर खाल्लेले कॅल्शियम पुरेसे शोषले जात नाही.

प्रौढांना दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, हे खरेच. ते दूध, नाचणी, तीळ, काट्यासकट खाल्लेली बारीक मासळी यांतून बरेचसे मिळू शकते. जोडीला डाळी, अंडी, मासे यांतले प्रथिन, रोजचे चालणे, जिने चढणे आणि अंगावर थोडे ऊन हवे. गोळी डॉक्टरांनी सांगितली तर जरूर घ्यावी. स्वतःच्या मनाने नको, विशेषतः मुतखड्याचा त्रास असेल तर.

कंपन्या दरवर्षी कर्मचाऱ्यांची रक्ततपासणी करतात. त्यापेक्षा दुपारी अर्धा तास बाहेर चालायची मुभा दिली, तर म्हातारपणी खुब्याचे हाड मोडण्याचा धोका कमी करायला तिचा अधिक उपयोग होईल.