दुष्काळाच्या पाठीवर आलेली पदवी

आपल्याकडे शेतीचे उच्च शिक्षण बहुधा दुष्काळाच्या पाठीवर येते आणि दुष्काळाची आठवण पुसट झाली की नोकरीची पायरी बनते. बालाघाट जिल्ह्यात वारासिवनीजवळ, मुरझडच्या प्रक्षेत्रावर, जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचे महाविद्यालय आहे. तिथे बी.एस्सी. कृषीची चार वर्षे काढणाऱ्या मुलांकडून आपण काय मागावे, हे ठरवण्यापूर्वी ही दीडशे वर्षांची सवय नजरेसमोर ठेवलेली बरी.

भंडारा, मंडला आणि शिवनीचे तुकडे जोडून १८६७ साली हा जिल्हा झाला, तेव्हा इथे शेतीची शाळा नव्हती. शेतीची विद्या मात्र होती. वैनगंगेच्या खोऱ्यातले पोवार आणि पलीकडे भंडाऱ्याकडचे कोहळी जमिनीचा उतार नुसत्या नजरेने जोखून तलाव-बोड्या बांधत, आणि वरच्या बांधीतले पाणी खालच्या बांधीत कोणत्या दिवशी सोडायचे यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडत, म्हणजेच त्याचा अभ्यास करत. कर्नल ब्लूमफील्ड या डेप्युटी कमिशनरने बैहरच्या पठारावर वस्ती करायला पोवारांनाच उत्तेजन दिले, ते ही विद्या ओळखून. त्याच डोंगराळ भागात बैगा आदिवासींच्या बेवर, म्हणजे फिरत्या, शेतीवर मात्र वनखात्याने बंदी आणली. एका समाजाचे ज्ञान महसूल वाढवणारे होते, दुसऱ्याचे नव्हते. कोणते ज्ञान शास्त्र ठरावे आणि कोणते अडाणीपण, याचा निवाडा तेव्हापासून असाच होत आला आहे.

१८८० च्या दुष्काळ आयोगाने प्रांतोप्रांती शेतकी खाती हवीत म्हटले. १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून शेतकऱ्याच्या अज्ञानाबद्दल आणि दैन्याबद्दल केवळ पावसाला जबाबदार धरता येणार नाही हे खडसावून सांगितले. आणि १८८९ साली विलायतेहून आलेले रसायनतज्ज्ञ व्होल्कर देशभर हिंडून अशा निष्कर्षाला आले की इथला चांगला शेतकरी तिकडच्या सामान्य शेतकऱ्याहून कमी नाही, त्याला उणीव आहे ती पाण्याची, खताची आणि सोयीची. तिघांचे म्हणणे बहुतांशी कागदावर राहिले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ मध्य प्रांताला पिळून गेले, तेव्हा कुठे १९०५ मध्ये बिहारात पुसाची संशोधन संस्था आणि १९०६ मध्ये नागपूरचे कृषी महाविद्यालय उभे राहिले. बालाघाटचा विद्यार्थी तेव्हा नागपूरलाच जाणार, कारण प्रांताची राजधानीच ती.

या साऱ्या इतिहासात एक प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तोच सर्वांत विसरला गेला आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी सहकाऱ्यांना घेऊन पिंपळे सौदागर हे एकच गाव निवडले आणि घरोघर हिशेब मांडला: कोणाची जमीन किती, ती किती तुकड्यांत विखुरलेली, विहिरीला पाणी किती, सावकाराचे देणे किती. १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीचा निष्कर्ष असा की, बरे वर्ष धरले तरी बहुतेक खातेदारांचे पोट त्यांच्या जमिनीवर भरणे शक्य नव्हते. महाविद्यालयाने शेतकऱ्याला शिकवण्याआधी त्याचा जमाखर्च वाचला, असे आपल्याकडे क्वचितच घडले. (आज त्या गावाच्या शिवारात इमारतींचे मनोरे आहेत, कोणत्याही कृषिशास्त्राने तो प्रश्न सोडवला नाही, पिंपरी-चिंचवडच्या वाढीने सोडवला.) पुढे १९२६ साली नेमलेल्या लिनलिथगो आयोगापुढे कृषी पदवीधर सरकारी जागांकडेच का पाहतात ही तक्रार आली. तिचे उत्तर मान यांच्या कोष्टकांत आधीच छापलेले होते. ज्या धंद्यात बापाचे पोट भरत नाही त्यात पदवी घेतलेला मुलगा परत का यावा? त्याला दोष देणे सोपे आहे, म्हणून तो दर पिढीत नव्याने दिला जातो.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. भात तोच, बोडी तीच, रोवणीची गाणीही मिळतीजुळती, पण शेतीचे शास्त्र एकीकडे जबलपूरचे आणि दुसरीकडे पुढे अकोल्याचे झाले. जबलपूरचे विद्यापीठ १९६४ चे, अकोल्याचे १९६९ चे. दोन्ही अन्नटंचाईच्या दशकातली, अधिक पोती हेच ध्येय घेऊन जन्मलेली. ते ध्येय चुकीचे होते असे म्हणण्याचा अधिकार भरल्या पोटी आपल्याला नाही. पण त्याची किंमत डॉ. आर. एच. रिछारिया यांनी मोजली. कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे ते संचालक. परदेशी बुटक्या वाणांची घाई त्यांना मान्य नव्हती, आणि त्यांना जावे लागले. सत्तरच्या दशकात त्यांनी रायपूरला, तेव्हाच्या मध्य प्रदेशातच, गावोगावचे सतरा हजारांहून अधिक भाताचे नमुने जमवले. मग तिथली त्यांची संस्थाही बंद झाली. ते धन आज रायपूरच्या कृषी विद्यापीठात आहे.

आता त्याच देशी वाणांचा मान वाढला आहे. बालाघाटच्या चिन्नोर या सुवासिक भाताला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, मागोमाग भंडाऱ्याच्या चिन्नोरलाही. २०२३ हे भरडधान्य वर्ष झाले आणि बैगांची कोदो-कुटकी परिसंवादांत पोचली. चिन्नोर वाण खरोखर उत्तम आहे, पण उंच वाढतो, खत जास्त झाले की लोळतो, उशिरा निसवतो आणि एकरी कमी उतरतो. सरकारी खरेदीला भाताच्या प्रती दोनच, साधारण आणि ‘अ’. २०२५-२६ चा साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये आणि त्यात सुवासाला वेगळा आकडा नाही. म्हणून शेतकरी बुटका संकरित भात लावतो आणि चिन्नोरची एखादी बांधी घरच्या खाण्यापुरती ठेवतो. हा निर्णय अडाणीपणाचा नाही, तो बिनचूक अर्थशास्त्राचा आहे.

अंतिम वर्षाची मुले आज ‘रावे’साठी, म्हणजे ग्रामीण कार्यानुभवासाठी, गावात काही महिने राहतात. बहुतेकदा त्यांच्याकडून माती परीक्षणाची आणि बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिके करून घेतली जातात, छायाचित्रे निघतात, अहवाल बांधला जातो. त्याऐवजी वारासिवनीच्या एका तुकडीने एकच गाव धरावे आणि चिन्नोरच्या एका बांधीचा, शेजारच्या संकरित बांधीचा आणि बैहरकडच्या एका कोदोच्या शेताचा पऱ्ह्यापासून विक्रीपर्यंतचा, मजुरीसकट, व्याजासकट हिशेब मांडावा. पुढच्या तुकडीने तोच पुढे चालवावा. दहा वर्षांत एक वही तयार होईल. खरेदीत सुवासाला वेगळी प्रत मागायला दिल्लीला जाणाऱ्याच्या हाती आज अशी वही नाही.