हट्ट कोणाचा?

सुशिक्षित मराठी घरांत मुलाच्या दांतांविषयीं, बोबड्या बोलांविषयीं आणि पहिल्या पावलाविषयीं जितक्या कौतुकानें बोललें जातें, तितक्याच संकोचानें त्याच्या शौचाविषयीं मौन पाळलें जातें. आमच्या वाङ्मयाचीहि तीच रीत. बालगीतें झालीं, बालमानसशास्त्रावर ग्रंथ झाले. पण अडीच वर्षांचें मूल चार चार दिवस पोट बांधून कोपऱ्यांत टांचा जुळवून कां उभें राहतें, हा प्रश्न वाङ्मयीन मासिकाच्या पानाला शोभणारा नव्हे असें समजून तो आजीबाईच्या बटव्याकडे सोंपविण्यांत आला. विषय अमंगळ आहे असें ज्यांना वाटत असेल त्यांनीं हें पान खुशाल उलटावें. मात्र ज्या गोष्टीची लाज थोरांना वाटते तिची शिक्षा लहानांना भोगावी लागते, एवढें उलटण्यापूर्वीं ध्यानांत घ्यावें.

आमच्या ब्रह्मपुरीच्या बाजूला, वैनगंगेच्या अलीकडील या धानाच्या पट्ट्यांत, अशा मुलाविषयीं एकच निकाल ऐकूं येतो: ‘पोट्टं जिद्दी आहे, मुद्दाम दाबून ठेवते; दोन रट्टे द्या, सरळ होईल.’ मोठ्या शहरांतील शिकलेल्या घरांत रट्ट्यांच्या जागीं चॉकलेटाची लालूच आणि भिंतीवरचा चांदण्यांचा तक्ता येतो. निकाल मात्र तोच राहतो. या निकालाशीं आमचें भांडण आहे. मूल दाबून ठेवतें हें खरें. तें हट्टानें दाबून ठेवतें हें साफ खोटें.

वस्तुस्थिति अशी आहे. ताप येऊन गेल्यावर, प्रवासांत, किंवा अंगावरचें दूध सुटून वरचें दूध वाढल्यावर केव्हांतरी एकदां मळाचा खडा होतो. तो बाहेर पडतांना गुदद्वाराची नाजूक त्वचा चिरते. मोठा माणूस कारण जाणतो. दोन वर्षांच्या मुलाला एवढेंच कळतें कीं, तेथें बसलें म्हणजे दुखतें. पुढच्या वेळीं वेग आला कीं तें पाय आंवळतें, टांचा उचलून उभें राहतें, पलंगाचा कांठ धरून लालबुंद होतें. पाहणाऱ्यास वाटतें मूल कुंथत आहे. वास्तविक तें वेग परतवीत असतें. परतविलेला मळ मोठ्या आंतड्यांत पडून राहतो, त्यांतील पाणी शोषलें जातें, तो अधिक कठीण आणि अधिक जाड होतो, आणि पुढची खेप पहिलीहून अधिक दुखते. म्हणजे मुलाची भीति दर खेपेला खरीच ठरते. अनुभवावरून शहाणें होण्याची ही क्रिया आहे. तिला हट्ट म्हणणें हा मुलाच्या बुद्धीचाहि अपमान आहे.

हें चक्र महिनोन् महिने चाललें कीं गुदाशय ताणून सैल पडतो, तो भरल्याची जाणीवच मंद होते, आणि अडकलेल्या गोळ्याच्या कडेनें पातळ मळ चड्डींत झिरपूं लागतो. घरचीं माणसें म्हणतात, आतां याला हगवण लागली. आणि जुलाब थांबविण्याचें औषध देतात. किंवा म्हणतात, कळत असून चड्डींत करतो, आणि मारतात. जी संवेदनाच मूल हरवून बसलें आहे तिच्याबद्दल त्याला जाब विचारण्याचा हा न्याय कोणत्या शास्त्रांत बसतो? ‘रोम’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या निकषांच्या २०१६ सालच्या चौथ्या आवृत्तींत चार वर्षांखालील मुलांच्या मलावरोधाचीं लक्षणें दिलीं आहेत: आठवड्यांत दोन किंवा त्याहून कमी वेळां शौच, मळ दाबून धरणें, कठीण वा वेदनायुक्त शौच, फार जाड मळ, आणि गुदाशयांत मळाचा मोठा गोळा. यांपैकीं कोणतींहि दोन महिनाभर दिसलीं कीं निदान झालें. दाबून धरणें हें या यादींत रोगलक्षण म्हणून आहे. मुलाच्या स्वभावाचा दोष म्हणून नाहीं.

परंपरेचे कैवारी आम्हांस विचारतील, आमच्या आज्यांनीं पोरें वाढविलीं नाहींत काय? वाढविलीं, आणि त्यांच्या एका रीतीला आमचा मनापासून नमस्कार आहे. पाय लांब करून बसलेल्या आईच्या दोन पावलांवर तान्हें मूल उकिडवें बसविण्याची ती रीत. गुडघे पोटाशीं, खालीं आधार, आणि काखेंत आईचे हात. आज बालरोगतज्ज्ञ मुलाचे पाय लोंबकळते ठेवूं नका, खालीं पाट द्या असें सांगतात, तें याहून निराळें काय आहे? पण त्याच आजीच्या हातांत साबणाची वात, तेलांत बुडविलेला विड्याच्या पानाचा देठ आणि ठरल्या वारचें एरंडेलहि होतें. ज्या जागीं दुखतें म्हणून मूल आंवळून बसलें आहे, नेमक्या त्याच जागीं दोघांनीं हातपाय धरून साबण घालावयाचा! असा उपाय एका दिवसाचा मळ काढतो आणि वर्षभराची भीति आंत ठेवून जातो. साबणानें आंतल्या अस्तराचा दाह होतो व एरंडेलानें पोटांत मुरडा येतो, तें निराळेंच.

आयुर्वेदाचा आधारहि या बळजबरीला मिळावयाचा नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील सातवा अध्याय वेग आवरूं नयेत याविषयींच आहे; आणि वाग्भटानें अष्टांगहृदयांत वेग आवरणें व तो नसतां बळानें आणणें या दोहोंनाहि रोगांचें मूळ ठरविलें आहे. पहिला अपराध मुलाकडून भीतीपोटीं घडतो. दुसरा आमच्याकडून शहाणपणाच्या नांवाखालीं. पहिल्याबद्दल मुलाला बोल लावणारे दुसऱ्याविषयीं गप्प कां?

इंग्रजी विद्येच्या अभिमान्यांनींहि फार मिरवूं नये. जॉन लॉक यानें १६९३ सालच्या आपल्या शिक्षणविषयक ग्रंथांत मुलांच्या मलावरोधावर अनेक परिच्छेद खर्च केले आहेत. एवढ्या मोठ्या तत्त्वज्ञाला हा विषय हलका वाटला नाहीं, हें आमच्या सोंवळ्या टीकाकारांनीं लक्षांत घ्यावें. सकाळच्या न्याहारीनंतर मुलास नेमानें बसवावें हा त्याचा सल्ला आजहि टिकतो, कारण पोटांत अन्न पडलें कीं मोठें आंतडें हालूं लागतें. परंतु शौच होईपर्यंत, निदान मुलानें पराकाष्ठा करीपर्यंत, त्याला खेळूं-खाऊं देऊं नये अशी पुस्ती त्यानें जोडली, आणि चांगल्या सल्ल्यांत सक्ति कालविली. अमेरिकेच्या सरकारी बालविभागानें १९१४ सालीं मातांसाठीं काढलेल्या पुस्तिकेंत तर तिसऱ्या महिन्यापासून, किंवा त्याहूनहि आधीं, हें वळण लावावयास सांगितलें होतें. त्याच देशांत १९६२ सालीं ब्रॅझल्टन या बालरोगतज्ज्ञानें १,१७० मुलांच्या नोंदींवरून उलट मार्ग दाखविला: मुलाची तयारी दिसल्यावर आरंभ करावा, आणि तें नको म्हणेल तेव्हां थांबावें. त्या मुलांचें दिवसां कोरडें राहूं लागण्याचें सरासरी वय साडेअठ्ठावीस महिने निघालें. पश्चिमेनें टाकून दिलेली घाई आम्ही मात्र आतां प्रतिष्ठेची खूण म्हणून उचलीत आहों.

ही घाई आज प्रवेशाच्या अर्जावर छापून येते. ‘मुलास शी-शू सांगतां आली पाहिजे’ ही अट घालणाऱ्या बालशाळा आम्हीं पाहिल्या आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें तिसऱ्या वर्षापासूनचें वय पायाभूत टप्प्यांत घेतलें, हें उत्तमच झालें. पण प्रवेशाची तारीख जवळ आली कीं घरांत शौचाच्या भांड्याची परीक्षा सुरू होते, आणि ज्या मुलाला आधींच दुखत आहे तें पहिल्या आठवड्यांतच आंवळून बसतें. १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं अनुताई वाघ यांना बरोबर घेऊन बोर्डीस बालशिक्षणाचें काम आरंभिलें, तेव्हां मुलें स्वच्छ होऊन आलीं तरच घेऊं असें त्या म्हणाल्या नाहींत. त्यांनीं शाळाच मुलांच्या अंगणांत नेली, आणि मुलांना धुणें-पुसणें हाहि शिक्षणाचा भाग मानला. मुलाचें ढुंगण धुण्याचा ज्या शाळेला कमीपणा वाटतो तिनें बालशिक्षणाचें नांव घेऊं नये.

शाळेला बोल लावून घर मोकळें होत नाहीं. २०११ च्या जनगणनेंत देशांतील अवघ्या ४६.९ टक्के कुटुंबांच्या घरीं शौचालय होतें. २०१४ पासूनच्या स्वच्छ भारत मोहिमेंत गांवोगांव शौचालयें उभीं राहिलीं. ब्रह्मपुरी वनविभागासारख्या वाघांच्या मुलखांत पहांटेच्या अंधारांत रानाकडे जाण्याची पाळी ज्यांची टळली, त्यांना या गोष्टीचें मोल सांगावयास नको. पण ती खोली मोठ्यांच्या मापाची असते. परसाच्या टोकाला, अंधारी, आणि पाऊल ठेवण्याच्या दोन जागांमध्यें तीन वर्षांच्या मुलाची तंगडी पुरत नाहीं एवढें अंतर. दिवसभर ‘बाहेर नको जाऊं, वाघ येईल’ असें मुलाला सांगावयाचें, आणि येथें तें भय पोकळ नसतें. मग तिन्हीसांजा त्याच परसांत त्याला एकट्याला बसवून दार ओढून घ्यावयाचें, आणि तें रडलें कीं पुन्हां त्यालाच हट्टी ठरवावयाचें!

ताटाचीहि तीच गत. गिरणींत पॉलिश होऊन कोंडा गमावलेल्या तांदुळाचा मऊ भात, वर दूध, मधल्या वेळीं बिस्किटें. अर्ध्या लिटरहून अधिक दूध रोज पिणाऱ्या मुलाला जेवणाची भूक राहत नाहीं, आणि आई ‘निदान दूध तरी घेतो’ म्हणून समाधान मानते. पपई, पेरू, तुरीचें वरण, पावसाळ्यांतली तरोट्याची भाजी, यांतलें कांहींच परमुलखांतून आणावें लागत नाहीं.

तथापि, एकदां चक्र सुरू झाल्यावर केवळ पपईनें तें थांबत नाहीं, हेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे. क्रम असा आहे. प्रथम वळण लावण्याचा उद्योग बंद करावा. मुलाला हवा असेल तर लंगोट परत द्यावा. दुसरें, मळ मऊ करावा आणि तो महिनोन् महिने मऊ राहूं द्यावा. पॉलिएथिलीन ग्लायकॉल किंवा लॅक्ट्युलोज हीं औषधें आंतड्याला चाबूक मारीत नाहींत. मळांत पाणी धरून ठेवतात. ‘सवय लागेल’ ही ओरड निराधार आहे. युरोप व उत्तर अमेरिकेंतील बालपचनतज्ज्ञांच्या संस्थांनीं २०१४ सालीं दिलेल्या मार्गदर्शनांत पॉलिएथिलीन ग्लायकॉलला पहिलें स्थान दिलें आहे. उपचार निदान दोन महिने चालावा आणि लक्षणें जाऊन महिना लोटल्यावर औषध हळूहळू कमी करावें असें त्यांत सांगितलें आहे. मात्रा अर्थातच डॉक्टरांनीं ठरवावयाची. सवय लागते ती अर्धवट उपचाराची: चार दिवस औषध, एकदां पोट साफ, बाटली फडताळांत, आणि पंधरवड्यानें पुन्हां खडा. मऊ शौचाचा अनुभव पुष्कळ दिवस मिळून भीति ओसरली, म्हणजे मग तिसरी पायरी: जेवणानंतर पांच-सात मिनिटें, पायांखालीं पाट, जवळ आई किंवा बाप, आणि झालें नाहीं तरी शब्दानें न दुखवतां उठवणें.

जन्मल्यावर पहिला काळा मळ ४८ तासांहून उशिरा झालेलें मूल, पोट फुगून हिरवी ओकारी करणारें मूल, वजन न वाढणारें किंवा पायांत बळ नसलेलें मूल, यांची गोष्ट निराळी. तेथें आंतड्याचा किंवा मज्जारज्जूचा जन्मजात दोष असूं शकतो, आणि घरगुती उपायांत एक दिवसहि दवडूं नये.

शेजारच्या गडचिरोलींत डॉ. अभय व राणी बंग यांनीं गांवच्या बायकांना शिकवून नवजात बालकांचे मृत्यु कमी केले. त्या कामाचा वृत्तांत १९९९ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें छापून आला. अल्पशिक्षित स्त्री नवजात अर्भकाचा जीव वांचवूं शकते, तर मलावरोधाचीं चार लक्षणें ओळखणें तिला जड जाईल असें कोण म्हणेल? पण मलावरोधानें मूल सहसा मरत नाहीं, म्हणून त्याची गणति कोणी ठेवीत नाहीं. २०१८ सालीं आखलेल्या योजनेंत आशा कार्यकर्तीच्या घरभेटी पंधराव्या महिन्यापर्यंत ठरविल्या आहेत. आणि ही अडचण बहुधा त्यापुढेंच डोकें वर काढते. दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास आणखी एक भेट, अंगणवाडींत मुलांच्या मापाचें उजेडाचें शौचालय, आणि प्रवेशाच्या अर्जावरून ती एक ओळ काढून टाकणें, एवढेंच आम्ही मागतों. यास लागणारा खर्च फार नाहीं. सोडावयाचा आहे तो आमचा समज. आणि तो इतकीं वर्षें धरून बसलेले आम्ही अडीच वर्षांच्या मुलाला हट्टी म्हणतों.