स्पॅनिश आधी इथेच
भनपुरीतल्या आमच्या शेजारघरी या आठवड्यात एकच विषय आहे: बारावीतल्या लेकीला स्पॅनिशची पदवी हवी आहे, तीही थेट स्पेनमध्ये. रोलिंग मिलमध्ये उभी हयात काढलेले तिचे बाबा एजंटाचं गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन आले. सोबत तिची वही. प्रत्येक प्रश्नाच्या आधी एक उलटं प्रश्नचिन्ह, एकही न विसरता. अशा पोरीला अडवायचं नाही, पण घाईही करू द्यायची नाही. पदवी इथेच घ्यावी, परदेश मग सहा महिन्यांसाठी. दिल्लीचं जेएनयू आणि हैदराबादची इफ्लू स्पॅनिशची बी. ए. देतात, जेएनयूत तर मुळाक्षरांपासून शिकवतात आणि तिथली फी मिलमधल्या पगारात बसते. दिल्लीत सेर्व्हान्तेस संस्थेची डेले परीक्षा आहे, ए१ पासून सी२ पर्यंत सहा पायऱ्यांची, आणि तिच्या प्रमाणपत्राला मुदत नाही. बी२ पदरात पाडून स्पेनमधल्या सालामांकात गेलेली मुलगी १२१८ सालच्या त्या विद्यापीठात पहिल्या दिवसापासून वाद घालेल. कोरी पाटी घेऊन गेलेली खोलीत बसून हिंदी बोलेल. स्पॅनिशमधून ‘दोन किखोते’ ही कादंबरी हिंदीत आणणाऱ्या विभा मौर्य दिल्ली विद्यापीठातच शिकवत होत्या, हेही मी बाबांना सांगितलं. व्हिसासाठी खर्चाची तजवीज दाखवावी लागते, तेव्हा एजंटाला द्यायचे पैसे आजच तिच्या नावे बँकेत टाका, आणि सीयूईटी या प्रवेश परीक्षेच्या फॉर्मकडे लक्ष ठेवा.